ट्रायकोडर्मा टाकूनही भुईमूग अफ्लाटॉक्सिनमध्ये नापास होतो, तेव्हा काय तपासायचं

मी शेतकरी गटाच्या खरेदीवरही असतो आणि रानातही. त्यामुळे ही तक्रार दर हंगामाला कानावर येते: "ट्रायकोडर्मा वेळेवर टाकला, पुडी चांगल्या दुकानातली होती, तरी माल परत आला." ट्रायकोडर्मा ही पिकाला उपयोगी पडणारी बुरशी, पुडीत मिळते. अफ्लाटॉक्सिन हे दुसऱ्याच बुरशांनी दाण्यात बनवलेलं विष. तक्रार एकसारखी असते, दोष मात्र प्रत्येकाचा वेगळ्या जागी सापडतो. बहुतेक वेळा तो पुडीत नसतोच.

लक्षणं

यातलं एखादं जरी जुळत असेल तरी पुढची तपासणी तुमच्या कामाची आहे.

- बियाण्याला किंवा जमिनीत ट्रायकोडर्मा दिलाय, पीक डोळ्याला निरोगी आहे, मर नाही, मूळकूज नाही. तरी अहवालात एकूण अफ्लाटॉक्सिन किलोला १५ मायक्रोग्रॅम या आपल्याकडच्या मर्यादेच्या वर.
- एकाच थप्पीतल्या दोन नमुन्यांचे अहवाल जुळत नाहीत. एक पास, एक नापास.
- उगवणीच्या वेळी मधूनच काही रोपं खुजी, पानं लहान आणि फिकी. उपटून पाहिलं तर मुख्य मुळाला उपमुळं जवळजवळ नाहीत आणि दलांवर पिवळट-हिरवी भुकटी.
- वरून धडधाकट दिसणारा दाणा दुभंगला की दोन डाळींच्या मधल्या खाचेत तीच भुकटी. ही बाहेरून दिसत नाही, म्हणून नापास मालाचे मूठभर दाणे नखाने दुभंगून बघायची सवय लावून घ्या.
- सप्टेंबरात पाऊस टिकला त्या वर्षी माल पास, उघडीप पडली त्या वर्षी त्याच रानातला माल नापास.

खवट वास हे याचं लक्षण नव्हे. तो तेल बिघडल्याचा वास. अफ्लाटॉक्सिनला स्वतःचा वास, चव, रंग काही नाही, त्यामुळे "वास घेतला, चांगला आहे" या वाक्याला काही अर्थ नाही. तसंच रोपाच्या बुंध्याशी काळी भुकटी दिसली तर ती खोडकुजीची ॲस्परजिलस नायजर. ती रोप मारते, पण अफ्लाटॉक्सिन बनवत नाही. दोन्हींची गल्लत करू नका.

ट्रायकोडर्माकडून नेमकी काय अपेक्षा ठेवायची

भुईमुगात अफ्लाटॉक्सिन बनवणाऱ्या बुरशा मुख्यतः दोन: ॲस्परजिलस फ्लेव्हस आणि ॲस्परजिलस पॅरासिटिकस. दोन्ही मातीतच राहतात, कुठून आणाव्या लागत नाहीत. आणि भुईमुगाची शेंग पोसते तीही मातीतच. ट्रायकोडर्मा हाही त्याच मातीतला. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसा तो मुळांवर, आऱ्यांवर (फुलातून मातीत उतरणाऱ्या, टोकाला शेंग धरणाऱ्या देठांवर), टरफलावर आधी जाऊन बसतो, तिथलं खाद्य वापरून टाकतो. शेजारी आलेल्या बुरशीच्या धाग्यांना वेढा घालून त्यांची भिंत विरघळवणारी विकरंही सोडतो.

पण यासाठी तो जिवंत हवा, त्याला ओल मिळायला हवी आणि तो आधी पोचायला हवा. एकदा दाण्यात तयार झालेलं विष तुम्ही टाकलेला ट्रायकोडर्मा काढून घेत नाही. शेंग खळ्यावर आली की त्याचं राज्य संपलं. नीट वापरला तर तो प्रमाण कमी करतो, शून्यावर आणत नाही. ज्याने कोणी "एक पुडी, शंभर टक्के हमी" असं सांगितलं असेल त्याच्याकडून पुढची खरेदी करू नका.

आता तपासणी. सुरुवात फुकटच्या गोष्टींपासून.

१. नमुना कसा काढला होता?

हा प्रश्न आधी, कारण याला पैसा लागत नाही आणि निम्मे वाद इथेच मिटतात. अफ्लाटॉक्सिन मालात सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे स्वच्छ असतात आणि एखादाच विषाने भरलेला निघतो. एकेका दाण्यात किलोला दहा लाख मायक्रोग्रॅम या दराने विष सापडल्याच्या नोंदी आहेत. हिशेब करून बघा: अर्ध्या ग्रॅमच्या अशा दाण्यात ५०० मायक्रोग्रॅम विष झालं. १५ ची मर्यादा धरली तर हा एक दाणा ३३ किलो माल नापास करायला पुरतो.

आता वरच्या पोत्यातून ओंजळभर दाणे पिशवीत भरून पाठवले असतील तर त्या अहवालाचा भरवसा काय धरायचा? दाणा आला तर नापास, नाही आला तर पास. युरोपात मोठ्या मालासाठी शंभर ठिकाणांहून थोडं थोडं काढून २० किलोचा एकत्र नमुना करतात, तो सगळा दळतात आणि मग त्यातून तपासणीपुरतं घेतात. ते वेड लागलंय म्हणून नव्हे. आपण निदान एवढं करू शकतो: जमतील तेवढ्या पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून, मूठमूठ काढायचं, ताडपत्रीवर कालवायचं, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा कालवायचं. प्रयोगशाळेला सांगायचं की आलेला सगळा नमुना दळून मगच तपासा.

पहिला अहवाल नापास आणि दुसरा पास आला तर दुसऱ्यावर विश्वास ठेवायचा मोह होतो. उलटं आहे. नीट काढलेल्या नमुन्यात एकदा विष सापडलं म्हणजे ते मालात आहे.

२. फोडणीआधी शेंगांवर पाणी मारलं का?

हाही फुकटचा प्रश्न, पण विचारायला जीभ रेटत नाही. शेंगा फोडणी यंत्रात दाणा तुटू नये आणि वजनही थोडं वाढावं म्हणून आदल्या रात्री शेंगांवर पाणी शिंपडून ढीग झाकून ठेवण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. भिजलेला उबदार ढीग, वर ताडपत्री. बुरशीला याहून चांगली सोय आपण मुद्दाम ठरवूनही केली नसती.

शेतात वर्षभर केलेली मेहनत एका रात्रीत जाते आणि बोट मात्र ट्रायकोडर्माकडे दाखवलं जातं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तुम्ही स्वतः फोडत असाल तर कोरड्या शेंगा फोडा, तूट सोसा. व्यापारी फोडत असेल तर त्याच्याकडे माल जाण्याआधी शेंगांचा नमुना तुमच्याकडे काढून ठेवा. पुढे वाद झालाच तर तो कामी येतो.

३. पुडी वाचा

पुडी फेकली नसेल तर शोधून काढा. त्यावर चार गोष्टी बघायच्या: कीटकनाशक कायद्याखालचा नोंदणी क्रमांक, बुरशीचं पूर्ण नाव, एका ग्रॅममधली जिवंत बीजघटकांची संख्या आणि मुदत. १ टक्का भुकटीला एका ग्रॅममध्ये किमान २० लाख सीएफयू, म्हणजे हेच जिवंत बीजघटक, असावे लागतात. नोंदणी क्रमांक नसेल आणि नुसतं "सेंद्रिय", "जैविक शक्तिवर्धक" असं काही छापलं असेल, तर आत काय आहे ते छापणाऱ्यालाच ठाऊक.

मुदत शिल्लक असली तरी पुडी कुठे ठेवली होती ते बघा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये, खतांच्या गोण्यांवर पडलेली पुडी छापील मुदतीपर्यंत टिकेल असं मानू नका. हा जीव आहे, युरिया नव्हे.

४. भातावरची चाचणी

जिवंत आहे की मेलेला, एवढंच सांगणारी ही घरची चाचणी. नीट केली तर उपयोगी, गबाळी केली तर दिशाभूल करणारी.

दोन काचेच्या बरण्या उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या करा. कुकरमध्ये मोकळा, सुटा भात शिजवा, चिकट नको. झाकूनच थंड होऊ द्या आणि दोन्ही बरण्यांत सारखा भरा. एकीत स्वच्छ चमच्याने पुडीतली चिमूटभर भुकटी घालून हलवा. दुसरीत काहीच घालू नका. झाकणं सैल ठेवा आणि दोन्ही सावलीत, घरातल्या तापमानाला ठेवा.

पुडी जिवंत असेल तर दोन-तीन दिवसांत भातावर पांढरा कापूस धरतो आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत तो ठिपक्या-ठिपक्यांनी गर्द हिरवा व्हायला लागतो. काहीच आलं नाही, किंवा नुसता चिकट आंबूस गोळा झाला, तर पुडी कामातून गेली. दुसऱ्या, काही न घातलेल्या बरणीतही बुरशी आली तर चाचणी बाद, भांडी नीट धुऊन पुन्हा करा. आणि पुडीच्या बरणीत हिरव्याऐवजी पिवळट झाक असलेली कोरडी भुकटी उडू लागली तर ती फ्लेव्हसही असू शकते. बरणी उघडून नाक घालू नका. उकळतं पाणी ओता, पुरा आणि ती पुडी वापरू नका.

याच कारणासाठी ड्रममध्ये गूळ, बेसन आणि एक पुडी घालून "घरच्या घरी दोनशे लिटर ट्रायकोडर्मा" करण्याचा प्रकार मला पटत नाही. आठवड्याने त्या ड्रममध्ये काय वाढलंय हे सूक्ष्मदर्शकाशिवाय कळत नाही. मर रोगासाठी तो चालवून घेणारे घेतात. विषाचा प्रश्न असलेल्या पिकाला मी तो चालवून घेत नाही.

५. सोबत काय लावलं?

बियाण्याला कार्बेन्डाझिम चोळलं आणि त्याच घमेल्यात लगेच ट्रायकोडर्माही चोळला, हे इतकं सर्रास चालतं की दुकानदारही दोन पुड्या जोडीने देतात. कार्बेन्डाझिम ही बुरशी मारायची पावडर आहे आणि ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे. यापुढे सांगण्यासारखं काही नाही.

जिथे खोडकुजीचा त्रास मोठा आहे तिथे रासायनिक बीजप्रक्रिया टाळता येत नाही, हे मान्य. मग ट्रायकोडर्मा बियाण्याला न लावता शेणखतातून जमिनीत द्या. बियाण्याला लावणार असाल तर लेबलवरचं प्रमाण पाळा. साधारण किलोला ४ ते ५ ग्रॅम लागतो. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. पुढे उभ्या पिकात बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी औषध ओतणं) झाली असेल तर तीही याच प्रश्नाखाली धरा.

६. शेणखत आणि वेळ

कोरडी भुकटी वाळूत कालवून फेकली असेल तर ती फेकलीच समजा. ट्रायकोडर्माला खायला कुजलेला पाला-शेण लागतं. एकरी एक किलो पुडी शंभर किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळायची, मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये इतकी ओल ठेवायची. सावलीत ओल्या गोणपाटाखाली दहा-पंधरा दिवस ठेवून मधून एकदा-दोनदा खालीवर करायचं. ताजं शेण नको, ते कुजताना तापतं आणि त्या उष्णतेत ट्रायकोडर्मा तग धरत नाही. हात घातल्यावर ढीग गरम लागला तर अजून वेळ झालेली नाही.

वेळेचं म्हणाल तर पेरणीच्या वेळी एकदा आणि आऱ्या सुटायच्या सुमारास, शेवटच्या कोळपणीबरोबर, ओळीच्या बुडाशी एकदा. दुसरा हप्ता लोक सोडून देतात. पण शेंग जिथे पोसणार ती जागा आधी धरायची तर हाच हप्ता महत्त्वाचा. त्याच वेळी जिप्समही जातं, पेरणीचा आणि आऱ्यांचा हप्ता मिळून एकरी साधारण १६० ते २०० किलो. जिप्सममधल्या कॅल्शियमने टरफल आणि दाणा भक्कम होतो, पोचट शेंगा कमी होतात. शेंगा भरल्यावर, "आता अहवाल चांगला यायला हवा" म्हणून दिलेली आळवणी म्हणजे बैल गेला नि झोपा केला.

७. शेवटचे चार ते सहा आठवडे

आतापर्यंतचं सगळं बरोबर असूनही नापास झालेला माल पाहिला की मी थेट इथे येतो.

ओल मिळत असलेला दाणा स्वतःचं रक्षण स्वतः करतो. बुरशीचा धागा टोचला की तिला रोखणारी रसायनं तो तयार करतो. पाण्याचा ताण वाढला, दाण्यातली ओल उतरली की ही ताकद संपते. त्याच वेळी झाडोरा विरळ होऊन जमीन तापते, शेंगांच्या पट्ट्यातलं तापमान २८ ते ३१ अंशांच्या आसपास जातं आणि ते फ्लेव्हसला मानवतं. आणि नेमक्या याच कोरड्या मातीत ट्रायकोडर्मा निपचित पडून राहतो. म्हणजे तुम्हाला त्याची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा तो कामावर नसतो.

म्हणून ताणाच्या वर्षी दुसऱ्या पुडीपेक्षा एक संरक्षित पाणी जास्त काम करतं. खरिपात सप्टेंबरच्या उघडिपीत, शेंगा भरताना, तुषार संच लावून एक हलकं पाणी दिलं तरी फरक पडतो. उन्हाळी भुईमुगात कालव्याचं आवर्तन लांबलं तर विहिरीतलं उरलेलं पाणी उसाला की भुईमुगाला, हा प्रश्न येतो. मी भुईमुगाला म्हणेन, पण विहीर माझी नाही.

याच टप्प्यात शेंगा उकरून बघा. टरफलाला भोकं, ओरखडे, कुरतडल्याच्या खुणा आहेत का? हुमणी आणि वाळवी टरफल फोडतात आणि त्या वाटेने फ्लेव्हस आत शिरते. हुमणीसाठी मेटारायझियम ही दुसरी उपयुक्त बुरशी आपल्याकडे मिळते, ती अळीलाच रोग लावते. तिचा अफ्लाटॉक्सिनशी थेट संबंध नाही, पण टरफल शाबूत राहिलं की निम्मं काम झालं. तिलाही ओल आणि शेणखत लागतं, तेही पावसाच्या सुरुवातीला, अळ्या लहान असताना.

८. उपटणी आणि वाळवण

उशीर करू नका. दहा-बारा झाडांच्या शेंगा फोडून टरफलाची आतली बाजू बघा. शंभरातल्या पंचाहत्तर-ऐंशी शेंगा आतून काळसर झाल्या असतील तर उपटा. त्यापुढे रानात ठेवलेला प्रत्येक दिवस बुरशीच्या खात्यात जमा होतो. आपले उपट्या वाण तर ओल मिळाली की जमिनीतच मोडही काढतात.

उपटताना शेंगेत ३५ ते ५० टक्के ओलावा असतो आणि साठवताना तो ८-९ टक्क्यांच्या आत हवा. हा प्रवास जितका लवकर, तितका धोका कमी. वेल उलटे ठेवा: शेंगा वर, पाला खाली. ओले वेल ढीग घालून झाकले की आत घाम येतो. उन्हाळी पिकात वळवाचा पाऊस आला की सगळे ताडपत्रीकडे धावतात, ते बरोबरच. पण पाऊस थांबल्यावर ताडपत्री तशीच राहते, ते चूक. पाऊस गेला की तासाभरात ती निघाली पाहिजे.

वाळलं की नाही हे बघायला ओलावामापक असेल तर उत्तम. नसेल तर शेंग कानाशी हलवा, दाणा खुळखुळला पाहिजे. दाणा चिमटीत चोळला की साल सुटली पाहिजे आणि दाताखाली धरला की कट्ट वाजून तुटला पाहिजे, दबता कामा नये. तरी पोत्यात भरून दुसऱ्या दिवशी मधोमध हात घाला. ऊब लागली तर पुन्हा पसरा. बारदानाची पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. प्लास्टिकच्या पोत्यात अर्धवट वाळलेला माल भरू नका.

सरवा वेगळा ठेवायचा. उपटून झाल्यावर मातीत राहिलेल्या, कुदळीने फुटलेल्या, मागाहून वेचलेल्या शेंगांत विषाचं प्रमाण सगळ्यात जास्त सापडतं आणि त्याच चार पाट्या चांगल्या ढिगात ओतल्या की सगळा ढीग बाटतो. वाईट असं की बाजारात चांगला माल जातो आणि हा सरवा घरात, नाहीतर मजुरांच्या पदरात, भाजून खायला. निवडणीत बाजूला काढलेले सुरकुतलेले, डागी, किडके दाणेही चटणीत जातात. तो पोरांच्या ताटात घालायचा माल नव्हे.

९. टप्प्याटप्प्याने प्रयोगशाळा

सगळं बघून झालं, तरी बोट ठेवता येत नाही, तर आता पैसे खर्च करायचे. पण एकच नमुना पुन्हापुन्हा तपासण्यात घालवू नका. तीन टप्प्यांवर तीन नमुने घ्या: उपटल्यावर लगेच (हा नमुना त्याच दिवशी ओव्हनमध्ये किंवा चांगल्या वाळवणी यंत्रात वाळवायचा, नाहीतर पिशवीतच बुरशी वाढते), वाळवण संपल्यावर आणि फोडणीनंतर. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडा. पट्टीवरची झटपट चाचणी चाळणीसाठी ठीक, वादासाठी एचपीएलसीचा, म्हणजे प्रयोगशाळेतल्या यंत्रावर नेमक्या मोजणीचा, अहवाल लागतो.

पहिलाच नमुना वर असेल तर दोष रानात आहे: पाणी, हुमणी, ट्रायकोडर्मा. पहिला स्वच्छ आणि दुसरा वर, तर वाळवण. दुसराही स्वच्छ आणि तिसरा वर, तर फोडणी. माझ्या पाहण्यात पहिल्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यावर घसरणारे जास्त, आणि त्यांच्यासाठी कोणतीही पुडी कामाची नाही.

"अमेरिकेतली बुरशी" मागवावी का?

हा प्रश्न हल्ली वारंवार येतो, म्हणून थोडं सविस्तर. ॲस्परजिलस फ्लेव्हसचे सगळेच वाण विष बनवत नाहीत. काही मुळातच बिनविषारी असतात. अमेरिकेच्या कृषी खात्यातले पीटर कॉटी यांनी ॲरिझोनातल्या सरकीच्या प्रश्नावर काम करताना हेच बिनविषारी वाण रानात आधी पसरून विषारी वाणांची जागा काढून घेण्याची पद्धत बसवली. एएफ-३६ हे त्यातलं नाव. भुईमुगासाठी तिथे आफ्ला-गार्ड आहे. आफ्रिकेत नायजेरियातल्या आयआयटीए या संस्थेने त्याच वाटेने आफ्लासेफ तयार केलं. प्रत्येक देशासाठी तिथल्याच मातीतले वाण निवडले, मेलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर ते चढवले आणि फुलोऱ्याच्या दोन-तीन आठवडे आधी हेक्टरी १० किलो फेकायचं असं प्रमाण ठरवलं. ज्वारी मेलेली अशासाठी की ती उगवू नये, बुरशीला मात्र खाद्य मिळावं. मका आणि भुईमुगात या पद्धतीचे निकाल फार चांगले आहेत, ट्रायकोडर्मापेक्षा सरस.

आता अडचण. वाण स्थानिक लागतो, तो विष बनवत नाही हे जनुकांच्या पातळीवर तपासावं लागतं आणि आपल्याकडे असं काही वापरायचं तर नोंदणी लागते. पिशवीतून आलेली, लेबल नसलेली "बिनविषारी फ्लेव्हस" घेऊ नका. स्वतःच्या रानातली हिरवी बुरशी ज्वारीवर वाढवून पसरण्याचा प्रयोग तर अजिबात नको. विषारी आणि बिनविषारी वाण डोळ्याला एकसारखेच दिसतात.

इथे थांबा

अहवाल १५ च्या वर आला की घरगुती उपाय बंद. भाजून प्रमाण थोडं उतरतं, विष जात नाही. शिजवून, धुऊन, उन्हात ठेवूनही जात नाही. चांगल्या मालात मिसळून "सरासरी" खाली आणणं हा उपाय नव्हे, तो गुन्हा आहे.

असा माल लाकडी घाण्यावर नेऊ नका. कारखान्यात तेल शुद्ध करताना क्षाराच्या प्रक्रियेत विष बऱ्यापैकी निघतं, घाण्याच्या तेलाला ती प्रक्रिया नसते. उरलेलं बहुतेक विष पेंडीत जातं, पेंड गाईला, आणि गाईच्या दुधात ते एम-१ या रूपात उतरतं. दुधासाठी आपली मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. जनावरांनी बुरशीची पेंड खाल्ली असेल आणि ती खाणं टाकत असतील, दूध उतरलं असेल, तर पेंड त्याच क्षणी बंद आणि पशुवैद्यक.

घरात बुरशीचा मका किंवा शेंगदाणे खाल्ल्यावर एकापेक्षा जास्त माणसांना उलट्या, पोट फुगणं, डोळे पिवळे असं काही दिसलं तर ते धान्य पिशवीत बांधून सोबत घ्या आणि थेट रुग्णालय गाठा. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागात पावसात भिजलेल्या मक्याने शंभरावर आदिवासींचा जीव घेतला, तो याच विषाने.

पुडी जिवंत, पाणी वेळेवर, आणि उपटल्याबरोबर घेतलेला नमुना सलग दोन हंगाम नापास, असं झालं तर तुमच्या हातातले उपाय संपले. मग जवळचं कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठाचा वनस्पती रोगशास्त्र विभाग गाठा. भुईमुगाच्या वाणाबद्दल बोलायचं तर जळगावचं तेलबिया संशोधन केंद्र आहे, जुनागढची भारतीय भुईमूग संशोधन संस्था आहे. मातीतल्या फ्लेव्हसची मोजणी आणि वाण बदलायचा निर्णय त्यांच्याकडूनच व्हावा. युरोपला माल पाठवायचा विचार असेल तर पेरणीआधीच अपेडाकडे (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) नोंदणी असलेल्या निर्यातदाराशी बोला. थेट खाण्याच्या शेंगदाण्याला तिथे किलोला एकूण ४ आणि त्यातल्या बी-१ या प्रकाराला २ मायक्रोग्रॅम एवढीच मर्यादा आहे. आपला १५ चा "पास" तिथे उपयोगाचा नाही.

जाताना रिकामे हात नेऊ नका. पुडी किंवा तिच्यावरच्या नोंदणी आणि बॅच क्रमांकाचा फोटो, पेरणी, आऱ्या, प्रत्येक पाणी आणि उपटणीच्या तारखा, मारलेल्या सगळ्या औषधांची यादी, मुळासकट उपटलेली चार-पाच झाडं कागदी पिशवीत (प्लास्टिकमध्ये नाही), आणि आतापर्यंतचे सगळे अहवाल, पास झालेलेसुद्धा.